नकाशात नसलेली वाट आणि कौन्सिलची रांग

इंग्लंडमधल्या काउंटी कौन्सिलांना, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांना, एक रजिस्टर लोकांसाठी खुलं ठेवावं लागतं. त्यात पायवाटांचे दावे नोंदलेले असतात. वाट कुठून कुठे जाते, अर्ज कधी आला, निकाल काय लागला. पहिले रकाने भरलेले असतात. निकालाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, आणि अर्जाची तारीख कधी कधी दहा-बारा वर्षांपूर्वीची निघते. तेवढ्या काळात अर्जदार थकलेला असतो, शेताचा मालक बदललेला असतो, आणि ज्या म्हाताऱ्यांनी 'आम्ही लहानपणापासून इथूनच जायचो' असं लिहून दिलं होतं त्यांतले काही जण आता नसतात.

त्याच रजिस्टरात मागून आलेला एखादा अर्ज मात्र वर्षभरात निकाली निघालेला दिसतो. तो पाहून बाकीच्यांच्या मनात वशिल्याची शंका येणं साहजिक आहे. खरं कारण बहुतेक वेळा त्याहून रुक्ष असतं. कौन्सिलने अर्जांची रांग कशी लावायची याचं एक लेखी धोरण केलेलं असतं, आणि त्या धोरणात तो अर्ज वर चढलेला असतो. हे धोरण कसं ठरतं आणि त्यात खोच कुठे आहे, ते बघू.

आधी वाट नकाशाबाहेर राहिलीच कशी? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ साली एक कायदा झाला. नॅशनल पार्क स्थापन करणाऱ्या याच कायद्याने काउंटी कौन्सिलांना सांगितलं की आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक पायवाटा आणि घोडेवाटा शोधा आणि एका अधिकृत नकाशावर आणा. या नकाशाला तिथे 'डेफिनिटिव्ह मॅप' म्हणतात. प्रत्यक्ष पाहणीचं काम बहुतेक ठिकाणी पॅरिशवर आलं. पॅरिश म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा सगळ्यांत खालचा घटक. काही पॅरिशनी शेतन् शेत पालथं घातलं, काहींनी काम कसंबसं उरकलं. आजही असं दिसतं की एखादी घोडेवाट पॅरिशच्या हद्दीपर्यंत नीट येते आणि हद्द ओलांडली की पायवाट होते, किंवा चक्क संपते. घोड्याने तिथून काय उडून जायचं? या गावाने एक लिहिलं, शेजारच्या गावाने दुसरं, एवढाच त्याचा अर्थ.

या नकाशाचा पुरावा एकाच बाजूने चालतो. नकाशावर वाट असेल तर ती सार्वजनिक आहे याचा तो निर्णायक पुरावा. पण नकाशावर वाट नसेल तर हक्क नाही, असं मात्र सिद्ध होत नाही. तिथल्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे की एकदा सार्वजनिक झालेला रस्ता कायम सार्वजनिक. शंभर वर्षं कुणी त्यावरून गेलं नाही, काटेरी झुडपं माजली, तरी हक्क मरत नाही. तो संपवायला कायदेशीर हुकूम लागतो. त्यामुळे नकाशात नसलेल्या पण कायद्याने जिवंत अशा वाटा भरपूर आहेत. पायी भटकणाऱ्यांच्या 'रॅम्बलर्स' या संघटनेने २०२० साली स्वयंसेवकांकडून जुने आणि नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा हरवल्या असाव्यात अशा वाटांची लांबी ४९,००० मैलांहून जास्त भरली. नकाशावर नोंदलेल्या वाटा इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे १,४०,००० मैल आहेत, यावरून अंदाज यावा. अर्थात त्या ४९,००० मैलांतला प्रत्येक मैल सिद्ध होईलच असं नाही. जुन्या नकाशावरची रेघ एखाद्याच्या खासगी गाडीवाटेचीही असू शकते.

वाट नकाशावर आणायची असेल तर कुणीही अर्ज करू शकतं. १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण भागाच्या कायद्याने हा अधिकार दिला आहे, आणि नकाशा सतत अद्ययावत ठेवण्याचं बंधन कौन्सिलवर घातलं आहे. अर्जाला फी नाही. जमिनीच्या मालकाला आणि ती कसणाऱ्याला नोटीस द्यावी लागते, पुरावा जोडावा लागतो.

पुरावा दोन तऱ्हेचा असतो. एक माणसांचा, एक कागदांचा.

माणसांच्या पुराव्याचा कणा म्हणजे वीस वर्षं. १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार लोक वीस वर्षं सलग, उघडपणे, जबरदस्ती न करता आणि कुणाची परवानगी न घेता एखाद्या वाटेने गेले असतील, तर ती मालकाने सार्वजनिक केली असं कायदा धरून चालतो. मालकाने त्या काळात 'माझा तसा इरादा नाही' हे लोकांना दिसेल असं केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ही वीस वर्षं मागे मोजायची असतात, आणि मोजणी सुरू होते ती हक्कावर पहिल्यांदा प्रश्नचिन्ह लागलं त्या दिवसापासून. फाटकाला कुलूप पडलं, 'खासगी जागा' अशी पाटी लागली, की तो दिवस. म्हणून अशा दाव्यांत गावकरी भरून देतात ते फॉर्म महत्त्वाचे. किती साली जायला लागलात, आठवड्यातून किती वेळा, कशासाठी, कुणी अडवलं का.

आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात, आणि नातं नुसतं शब्दापुरतं नाही. १८८२ च्या आपल्या ईझमेंट कायद्यातही वीस वर्षांचीच मुदत आहे, आणि ती कल्पना इंग्लिश कायद्यातूनच आलेली. फरक असा की आपला शेतरस्त्याचा वाद बहुधा एका शेताचा दुसऱ्या शेतावरचा हक्क असतो, आणि १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदारांकडे जावं लागतं. इंग्लंडमधली सार्वजनिक पायवाट कुणा एका शेतकऱ्याची नसते. लंडनहून रविवारी फिरायला आलेल्या माणसाचाही तिच्यावर तेवढाच हक्क. आणि तिथे वाट अडवल्यापासून अमुक महिन्यांत अर्ज करा अशी मुदत नाही. घाई नसण्याची हीच सोय पुढे रांग लांबवायला कारण झाली, असं मला वाटतं.

कागदांचा पुरावा म्हणजे अभिलेखागारात बसून करायचं काम. सामाईक जमिनी वाटून कुंपणं घातली गेली तेव्हाचे निवाडे, १८३६ नंतरचे चर्चच्या दशांश कराचे नकाशे, रेल्वे आणि कालव्यांचे आराखडे, १९१० च्या जमीन मूल्यांकनाचे नकाशे. त्या मूल्यांकनात मालकाला आपल्या जमिनीतून सार्वजनिक वाट जाते असं सांगून कराची आकारणी कमी करून घेता येत असे. आजोबांनी कर वाचवायला वाट कबूल केली आणि नातवाला ती आता नको आहे, असले प्रसंग या कागदांतून निघतात. सरकारी सर्वेक्षणाचे, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे सगळे आधी उघडतात, पण त्यांतल्या बऱ्याचशांवर 'इथे वाट दाखवली म्हणजे हक्क आहे असं नव्हे' अशी सूचनाच छापलेली असते. एक कागद सहसा पुरत नाही. पाच-सहा एकाच दिशेला बोट दाखवू लागले की दावा उभा राहतो.

हे सगळं तपासायचं, साक्षीदारांशी बोलायचं, जागेवर जायचं, मालकाची बाजू ऐकायची, अहवाल लिहायचा, समितीपुढे ठेवायचा. कौन्सिलकडे या कामाला असतात मोजके अधिकारी, आणि काही ठिकाणी अर्ज साठलेत शेकड्यांनी. शिवाय तेच अधिकारी वाट वळवण्याच्या अर्जांवरही काम करतात. शेतकऱ्याला किंवा बिल्डरला अंगणातली वाट बाजूने न्यायची असते, आणि त्या कामाचे पैसे कौन्सिलला घेता येतात. नकाशा दुरुस्त करणं हे कायद्याने बंधनकारक काम, ते फुकट. वाट वळवणं ऐच्छिक, ते पैसे देऊन. कुठली फाइल आधी हलत असेल याचा तर्क आपल्याकडे कचेरीत बसलेल्या कुणालाही करता येईल.

आता रांगेकडे येऊ. हा हक्काचा निर्णय देताना कौन्सिलने काय बघायचं हे कायद्याने अगदी अरुंद ठेवलं आहे. वाट होती का, आहे का, एवढंच. ती सुंदर आहे का, उपयोगाची आहे का, धोक्याची आहे का, मालकाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जाते का, यातलं काहीही विचारात घेता येत नाही. मालक पोटतिडकीने सांगतो की माझ्या मुलांच्या खेळण्याच्या जागेतून अनोळखी माणसं जातील, आणि अधिकाऱ्याला नम्रपणे सांगावं लागतं की हे कळलं, पण याचा निर्णयाशी संबंध नाही. अर्जदारही सांगतो की या वाटेने मुलांना वर्दळीचा रस्ता न ओलांडता शाळेत जाता येईल. त्यालाही तेच उत्तर.

पण कोणता अर्ज आधी घ्यायचा, हे ठरवताना नेमक्या याच गोष्टी बघता येतात. निर्णयाच्या दारातून ज्या हाकलल्या, त्या रांगेच्या दारातून आत येतात. उपयोग, सुरक्षितता, मालकाची अडचण, सगळं. यात बेकायदा काही नाही. निर्णय कायद्याने बांधलेला आहे, क्रम कौन्सिलच्या हातात आहे. पण दहा वर्षांच्या रांगेत क्रम हाच अर्धा निर्णय होतो.

म्हणूनच २००९ च्या सरकारी परिपत्रकात प्राधान्यक्रमाच्या लेखी निवेदनाला वजन दिलेलं आहे. कौन्सिला ते आपापल्या पद्धतीने करतात. सगळ्यांत सरळ पद्धत तारखेची. जो आधी आला तो आधी, आणि सोबत अपवादांची यादी. दुसरी पद्धत गुण देण्याची. वाट दोन तुटक मार्ग जोडते तर इतके गुण, वर्दळीच्या रस्त्यावरून लोकांना बाजूला काढते तर इतके, साक्षीदार वयस्कर असतील तर इतके, आणि बेरजेप्रमाणे क्रम. तिसरी पद्धत गावोगावची. डेव्हन काउंटीने हीच धरली आहे. एकेक पॅरिश घ्यायचं आणि तिथल्या सगळ्या शंका एकदम तपासायच्या. अभिलेखागारात एकदा त्या गावाची पेटी उघडली की दहा वाटांचं उत्तर त्याच कागदांत मिळतं, हा तिचा फायदा. तोटा उघड आहे. तुमचं गाव यादीत शेवटी असेल तर तुम्ही कितीही तळमळलात तरी काही होत नाही.

अपवादांच्या यादीत बहुतेकदा सापडणाऱ्या गोष्टी अशा. वाटेवर बांधकाम होऊ घातलं आहे. साक्षीदार म्हातारे आहेत. लोकांच्या जिवाला रस्त्यावर धोका आहे आणि ही वाट तो टाळते. वाट कौन्सिलच्या दहा वर्षांच्या वाटा-सुधार योजनेत बसते. शेजारच्या वाटेचं काम हातात आहे आणि पुरावा तोच आहे. किंवा दाव्यामुळे मालकाला खरोखर जाच होतो आहे. घर विकायला काढलं आणि खरेदीदाराच्या वकिलाला प्रलंबित दावा दिसला की व्यवहार अडकतो. वाट नकोच असलेला मालकही तेव्हा म्हणतो, एकदाचा निकाल द्या.

एक काल्पनिक टेबल घेऊ. अधिकाऱ्यापुढे चार फाइली आहेत.

पहिली सहा महिन्यांपूर्वीची. शाळेमागच्या शेतातली वाट, आणि त्या शेतावर साठ घरांचा प्रस्ताव आलेला. दुसरी अकरा वर्षांपूर्वीची. दोन कुंपणांमधली जुनी गल्ली, आता काटेरी झुडपांनी भरलेली. पुरावा सगळा कागदी. तिसरी दोन वर्षांपूर्वीची, नदीकाठची. नव्या मालकाने फाटकाला कुलूप लावलं म्हणून चौदा गावकऱ्यांनी फॉर्म भरले, त्यांतले चौघं पंच्याऐंशीच्या पुढचे. चौथी उलट्या दिशेची. एका घरमालकाचं म्हणणं की १९४९ नंतरच्या नकाशात माझ्या अंगणातून वाट दाखवली ती चूक आहे, काढा. अशी वाट काढायला भक्कम पुरावा लागतो, कारण नकाशा करणाऱ्यांनी तेव्हा काहीतरी बघूनच ती लिहिली असेल असं गृहीत धरतात.

तारखेने गेलं तर दुसरी फाइल पहिली. पण ती काढायला घेतली तर वर्ष जाईल, तोवर शेतावर पाया खोदला जाईल आणि चौघांपैकी कुणीतरी कमी होईल. म्हणून तिसरी आणि पहिली वर जातात. इथवर कुणाचंही दुमत होणार नाही. कागद अभिलेखागारात पन्नास वर्षं थांबतो, माणसाची आठवण थांबत नाही.

घोळ होतो तो दुसऱ्या फाइलीचा. तिला घाई नाही, म्हणून ती थांबते. पुढच्या वर्षी नवी पहिली आणि नवी तिसरी येते. बांधकामं थांबत नाहीत, माणसं म्हातारी होतच राहतात. दुसरी फाइल त्यामुळे कधीच वर येत नाही. आणि गंमत अशी की ती गल्ली कदाचित दोन घोडेवाटांना जोडणारी असेल, आणि आज तिथले घोडेस्वार लॉऱ्यांच्या मध्ये मुख्य रस्त्यावरून जात असतील. म्हणजे तिला गुण मिळायला हवे होते. पण गुण देण्यासाठी कुणीतरी नकाशा पसरून नीट बघायला हवं, आणि तेवढा वेळ असता तर रांगच लागली नसती. अर्ज आला त्या दिवशी जेवढं कळलं त्यावर गुण दिले जातात. ज्याला अर्ज लिहिता येतो, त्याला गुण जास्त.

रांगेला बगल देणारा एक रस्ता कायद्यातच आहे. मालकाला नोटीस दिल्याचा दाखला कौन्सिलला मिळाल्यापासून बारा महिन्यांत तिने निर्णय दिला नाही, तर अर्जदार मंत्र्याकडे, प्रत्यक्षात प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी यंत्रणेकडे, दाद मागू शकतो. तिथून कौन्सिलला अमुक तारखेपर्यंत निकाल द्या असा आदेश येऊ शकतो. आदेश द्यायचा की नाही हे ठरवताना त्या परिपत्रकानुसार कौन्सिलचं प्राधान्याचं निवेदन बघतात, ते वाजवी आहे का ते बघतात, या अर्जावर आतापर्यंत काही हालचाल झाली का तेही बघतात. म्हणजे कौन्सिलचं निवेदन हीच तिची ढाल. पण 'निवेदन आहे, त्यात तुमचा नंबर एकशे वीस आहे, आणि आम्ही वर्षाला पाच निकाली काढतो' हे उत्तर दिलं की ढालीला भोक पडतं. चोवीस वर्षं थांबा असं वाजवी म्हणून कोण सांगणार?

आदेश आला की ती फाइल सगळ्यांच्या पुढे. ज्याला हा उपाय माहीत नव्हता, किंवा ज्याने सज्जनपणे वाट बघितली, तो एक पाऊल मागे. मला स्वतःला ही या व्यवस्थेतली सगळ्यांत खटकणारी गोष्ट वाटते, कारण कौन्सिलने विचारपूर्वक लावलेली रांग एकेका आदेशाने मोडते आणि शेवटी कुणाला पत्र लिहिता येतं यावर येऊन थांबते. उलट बाजूही खरी आहे. हे आदेश नसते तर काही कौन्सिलांनी या कामावर माणूसच नेमला नसता.

त्यात भर पडली अंतिम तारखेच्या घोळाची. २००० सालच्या एका कायद्याने ठरवलं होतं की १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशावर येणार नाहीत, त्यांतल्या बहुतेकांवरचा हक्क संपेल. लोक अभिलेखागारांकडे धावले, अर्जांचा ढीग वाढला. २०२२ मध्ये सरकार म्हणालं ही तारीख रद्द करू. २०२३ मध्ये म्हणालं रद्द नाही, २०३१ पर्यंत पुढे ढकलतो. २०२४ च्या डिसेंबरात नव्या सरकारने पुन्हा रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. या हेलकाव्यात कागदी पुराव्याचे अर्ज धडाधड दाखल झाले, कारण मुदतीच्या आत अर्ज नोंदवणं महत्त्वाचं होतं, निकाल नंतर लागला तरी चाललं असतं. दाखल करण्याची घाई, निकालाची नाही. दुसऱ्या फाइलीसारख्या फाइलींनीच कपाटं भरली.

निकाल लागला म्हणजे संपलं असंही नाही. अर्ज नाकारला तर अर्जदाराला २८ दिवसांत अपील करता येतं. मान्य केला तर नकाशा बदलण्याचा हुकूम निघतो, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकतींना किमान ४२ दिवस मिळतात. एक जरी हरकत आली आणि ती मागे घेतली गेली नाही, तर प्रकरण सरकारी इन्स्पेक्टरकडे जातं. 'वाट असल्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे' एवढ्यावर हुकूम काढता येतो, पण तो कायम करताना वाट असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे असं दिसावं लागतं. पहिली चाळणी मोठ्या भोकांची, दुसरी बारीक.

अर्ज रांगेत असलेल्या माणसाने मग करायचं काय? सगळ्यांत आधी आपल्या कौन्सिलचं प्राधान्याचं निवेदन वाचायचं. बरेच जण ते कधीच वाचत नाहीत. मग त्यातल्या कुठल्या निकषात आपली वाट बसते हे पत्राने कळवायचं, आणि परिस्थिती बदलली की पुन्हा कळवायचं. शेजारच्या शेतावर बांधकामाचा अर्ज आला, साक्षीदाराची तब्येत बिघडली, या गोष्टी अधिकाऱ्याला आपोआप कळत नाहीत. साक्षीदारांचे जबाब शक्य तितक्या लवकर सविस्तर लिहून, नकाशावर रेघ काढून, सही करून ठेवायचे. समोर बसून उलटतपासणीला उत्तरं देणाऱ्या माणसाएवढं वजन कागदाला नसतं, पण काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि मालकाने? त्याला नवा हक्क निर्माण होऊ द्यायचा नसेल तर कौन्सिलकडे नकाशा आणि प्रतिज्ञापत्र दाखल करायची सोय हायवेज ॲक्टमध्ये आहे. 'या माझ्या जमिनीवरच्या मान्य वाटा, यापलीकडे माझा इरादा नाही.' ते मुदतीत पुन्हा पुन्हा दाखल करत राहावं लागतं. पण प्रतिज्ञापत्राच्या आधीच वीस वर्षं भरली असतील तर त्याचा उपयोग नाही, आणि सामाईक जमीन वाटल्याच्या १८२० च्या निवाड्यात वाट असेल तर मुळीच नाही. ती वाट तिथे आहेच. नकाशावर यायला तिला दुसऱ्या फाइलीसारखं थांबावं लागेल, एवढंच.